३,४१२ फोटो आणि एक वॉटरमार्क : येवल्याच्या दुकानातल्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ७ जून

काम कशासाठी काढलं ते आधी सांगते. मामांचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे. मागे घरात चार माग, पुढच्या खोलीत गादी. मे महिन्यात एक बाई खोकं घेऊन आल्या आणि आल्या आल्या भांडायलाच लागल्या. "तुमची साडी घेतली आणि पहिल्याच घडीला पदर उसवला." मामांनी पदर उलटा करून बघितला. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत होते. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो, ही तर यंत्रमागाची साडी होती. बाईंनी ती भलत्याच कुणाकडून ऑनलाइन मागवलेली. पण ज्या फोटोवरून मागवली तो आमचा होता. साडीच्या मागे आमच्या दुकानाची निळी खिडकी दिसत होती आणि त्या खिडकीवरूनच विचारत विचारत त्या इथवर आल्या होत्या.

त्या दिवसापासून मामांचं एकच टुमणं : "फोटोवर नाव टाक." म्हणजे वॉटरमार्क.

मी नाशिकला हिशेबनिसाचं काम करते. शनिवार-रविवार मोकळा असतो, थोडंफार स्क्रिप्ट लिहिता येतं. दोन आठवड्यांत संपेल असं मी मामांना सांगितलं. ते वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आज फक्त गोळा करणं झालं. दुकानातला संगणक, दोन जुन्या हार्ड डिस्क, मामांचा फोन, मामेभावाचा फोन. हुबेहूब तेच असलेले फोटो काढून टाकल्यावर उरले ३,४१२. त्यात कॅमेऱ्याचे २,६४०, फोनचे ७७२. एक टीबीची नवी डिस्क घेतली, ५,२०० रुपये. मामांना खर्च जास्त वाटला. पुढच्या शनिवारी काय झालं ते वाचलंत तर तुम्हाला वाटणार नाही.

रविवार, ८ जून

अवजार ठरवलं : इमेजमॅजिक. फुकट आहे, आणि एका ओळीत शेकडो फोटो हाताळतं. दुकानातल्या विंडोजवर बसवून 'कन्व्हर्ट' हा हुकूम दिला तर भलतीच तक्रार येऊ लागली. तासभर डोकं खाजवल्यावर उलगडलं की विंडोजचा स्वतःचाच 'कन्व्हर्ट' नावाचा एक हुकूम आहे, डिस्कची फाइल पद्धत बदलणारा, आणि माझ्याऐवजी तो पळत होता. नशीब त्याला माझं बोलणं कळलं नाही. नव्या आवृत्तीत 'मॅजिक' असं लिहिलं की हा घोळ होत नाही. पण मी वैतागून, विंडोजऐवजी उबंटू चालणाऱ्या माझ्या जुन्या लॅपटॉपवरच सगळं करायचं ठरवलं.

पहिला नमुना : उजव्या कोपऱ्यात खाली पांढऱ्या अक्षरात दुकानाचं नाव. मामा खूश. मामेभावाने माझ्याकडून तो फोटो फोनवर घेतला, फोनमधलं खोडरबर उघडलं, बोट फिरवलं. पाच सेकंदात नाव गेलं, खाली सपाट भिंत. "ताई, हे तर मी पण करतो." कोपरा छाटून टाकायलाही कुणाला अक्कल लागत नाही म्हणा.

मग त्यालाच म्हटलं, आता पदरावर टाकते, काढून दाखव. त्याने काढलं, पण खोडरबराने जागा भरताना नक्षीतल्या मोराची मान गायब केली आणि नक्षीतल्याच बांगडीच्या गोलाला कोपरे आले. म्हणजे जागा सापडली : जिथे नक्षी दाट आहे तिथे. फक्त गिऱ्हाईकही नेमकं तिथेच बघतं. ही ओढाताण पुढे सहा आठवडे चालली.

शनिवार, १४ जून

आजचा दिवस वाईट.

मंगळवारी वटपौर्णिमा होऊन गेली, दुकानातली गर्दी ओसरली, म्हणून मामांनी 'आसावली', म्हणजे फुलवेलीच्या नक्षीच्या साड्यांचं, फोल्डर आधी मागितलं. १४० फोटो. एकेका फोटोसाठी हुकूम लिहिण्यापेक्षा 'मॉग्रिफाय' वापरला, तो पूर्ण फोल्डर एकदम घेतो. लहान करणं आणि नाव टाकणं एकाच ओळीत बसवलं. दोन मिनिटांत काम झालं. झकास दिसत होतं. मग मूळ फोटो उघडायला गेले.

मूळ फोटो नव्हते. मॉग्रिफाय नवी प्रत करत नाही, आहे त्याच फाइलवर लिहितो. वेगळ्या फोल्डरचा पत्ता 'पाथ'ने द्यावा लागतो आणि तो मी दिला नव्हता. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या १४० फोटोंचे सोळाशे पिक्सेलचे झाले होते, वर नाव छापलेलं, तेही चुकीच्या जागी. आणि नव्या डिस्कवर प्रत घेतलेली? नव्हती. डिस्क खोक्यातून काढून मी तिच्यावर बाकीची फोल्डरं चढवत होते, 'आसावली' रांगेत शेवटचं होतं.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माग चालू असताना ताणाच कापलास." त्यांनी आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त लागलं.

रविवार, १५ जून

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड मामेभावाने फॉर्मॅट केलेलं होतं, पण नंतर त्यावर फारसं काही काढलं नव्हतं. फोटोरेक नावाचं फुकटचं साधन त्यावर चालवलं. ते फाइलींची नावं परत देत नाही, नुसते आकडे देतं. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत बसून एकेक साडी ओळखली. मामी शेजारी बसून रंगांची नावं सांगत होत्या, "ही चटणी, ही रामा, ही मोतिया, ही विकली गेली भुसावळला." १४० पैकी ९७ सापडले. ४३ गेले. त्यातल्या बहुतेक साड्या विकलेल्या, म्हणजे परत फोटो काढायचा तर कुणाच्या तरी कपाटातून काढायच्या.

आता मूळ फोटो डिस्कवर आहेत, फोल्डर फक्त वाचण्यापुरतं खुलं ठेवलंय. लिहिण्याची परवानगीच काढून टाकली. स्क्रिप्टने चुकूनही हात लावला तर नकार मिळतो. हे पहिल्या दिवशी करायला पाच मिनिटं लागली असती.

शनिवार, २१ जून

आज नाव कसं दिसावं यावर. मामांची मागणी : नाव, गाव, मोबाइल नंबर, 'शुद्ध रेशीम', आणि खाली 'आमची कुठेही शाखा नाही'. मी म्हटलं, एवढं लिहिलं तर साडी दिसायची नाही. नंबरही काढायला लावला. चार वर्षांपूर्वीच्या पिशव्यांवर जो नंबर छापलाय तो आज बंद आहे, पिशव्या अजून माळ्यावर पडून आहेत. मामा गप्प झाले. राहिलं फक्त नाव आणि 'येवला'.

इमेजमॅजिकला थेट मराठी लिहायला सांगितलं तर अक्षरांची पार वाट लागली. नावात 'श्री' आहे. त्याचा श वेगळा, पाय मोडका, र वेगळा, वेलांटी लांब उभी. 'विणकर'मधली वेलांटी व च्या आधी यायची ती व च्या पुढे जाऊन ण ला चिकटली. कारण साधं आहे. देवनागरीत अक्षरं एकमेकांत बसवावी लागतात आणि ते काम करणारा जोड माझ्या लॅपटॉपवरच्या इमेजमॅजिकमध्ये नव्हता. अक्षरं जुळवणाऱ्या 'पँगो' या साधनामार्गे लिहिलं तर नीट येतं, पण दर फोटोला अक्षरं नव्याने मांडायची गरजच काय? इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एकदाच नाव मांडलं, अक्षरांचं चित्र करून पारदर्शक पीएनजी काढली. यापुढे संगणकाच्या दृष्टीने ते नाव उरलेलंच नाही, नुसता ठसा.

(पहिल्यांदा चुकून जेपीजी काढली. जेपीजीला पारदर्शकता नसते, प्रत्येक साडीवर पांढरं ठिगळ.)

फाँट : आधी एक नाजूक, वळणदार घेतला होता. लहान केल्यावर अनुस्वार गायब आणि शिरोरेषा तुटक. शेवटी मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घेतला, जाड वजनातला. तो मोफत आहे आणि बारीक आकारातही त्याच्या अक्षरांमधल्या पोकळ्या बुजत नाहीत.

रविवार, २२ जून

सगळ्यात वेळखाऊ दिवस, आणि त्यात संगणकाचा काही हात नाही.

फोटो तीन जातींचे आहेत : पूर्ण साडी, नुसता पदर, आणि काठाचा जवळून. तिन्हींवर एकाच जागी नाव टाकलं तर एकात ते रिकाम्या भिंतीवर, दुसऱ्यात पोपटाच्या चोचीवर. म्हणून ३,३६९ फोटो हाताने तीन फोल्डरांत वाटले. मी आणि मामेभाऊ, आलटून पालटून, सकाळी नऊ ते रात्री साडेदहा. मध्ये एकदा भांडण झालं, कारण त्याने कडियाल काठाच्या सगळ्या साड्या 'काठ'मध्ये ढकलल्या, फोटो पूर्ण साडीचा असला तरी.

जागा मामांनी ठरवली, आणि मला सुचली नसती अशी. पूर्ण साडीच्या आणि पदराच्या फोटोत नाव नक्षीच्या मध्यावर टाकायचं नाही. पदर जिथे संपून अंग सुरू होतं त्या आडव्या पट्टीवर टाकायचं. तिथे जरीचे पट्टे आणि बुट्ट्या दोन्ही असतात, खोडायला कठीण, आणि गिऱ्हाईक तिथे रेंगाळत नाही. "ते मोर बघतं आणि मग भाव विचारतं," मामा म्हणाले. दुकानात साडी नेहमी त्याच लाकडी स्टँडवर लावतात, म्हणून ही पट्टी बहुतेक फोटोंत उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर येते. तेवढं स्क्रिप्टला पुरतं.

मग रंगाचा प्रश्न. पांढरं नाव मोतिया साडीवर दिसत नाही, काळं चंद्रकळेवर दिसत नाही. मी हुशारी केली : ठसा पडणार त्या जागेचा सरासरी उजेड मोजायचा, उजळ असेल तर काळा ठसा, गडद असेल तर पांढरा. चार तास लिहिलं. जरीने सगळं बिघडवलं. काळ्या अंगावर दोन पट्टे जरीचे असले की सरासरी वर जाते आणि काळ्यावर काळं नाव पडतं. ते सगळं पुसलं. पांढरी अक्षरं, त्यांना बारीक गडद कड, २८ टक्के ठसठशीतपणा. कुठल्याही रंगावर कडेने तरी वाचता येतं. चार तासांच्या जागी वीस मिनिटं.

शनिवार, २८ जून

पहिली पूर्ण फेरी. बसने निफाड-विंचूर करत पोचले आणि लगेच चालू केली. एका फोटोला १.४ सेकंद, सगळं मिळून एक तास एकोणीस मिनिटं. चहा, भडंग, गप्पा.

आत ३,३६९, बाहेर २,७५८. ६११ कुठे गेले?

३८६ मामेभावाच्या फोनचे, एचईआयसी प्रकारातले. माझी यादी फक्त जेपीजी शोधत होती, तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कसलीही चूक दाखवली नाही, कारण तिच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. उरले २२५. ते शोधायला संध्याकाळ गेली. कॅमेऱ्यात नवं कार्ड घातलं की आकडे पुन्हा शून्यापासून, त्यामुळे एकाच नावाचे फोटो वेगवेगळ्या फोल्डरांत होते. मी सगळी आउटपुट एकाच फोल्डरात टाकत होते. ४७ नंबरचा मोर आला, मग ४७ नंबरचं कमळ आलं आणि मोरावर बसलं.

उपाय : बाहेरची फोल्डरं आतल्यासारखीच, आणि फाइलीच्या नावाआधी फोल्डरचं नाव. मामेभावाने काही फोटोंना 'राणी मोर (२)' अशी मोकळ्या जागा ठेवून नावं दिली होती, तिथेही स्क्रिप्ट अडखळली, पण तो दोष माझा, अवतरण चिन्हं विसरले होते.

फेरीच्या शेवटी आत किती, बाहेर किती हे मोजणारी ओळ आता स्क्रिप्टमध्येच आहे. आकडे जुळले नाहीत तर ती लाल अक्षरात ओरडते.

रविवार, २९ जून

मामींनी पकडलं. मी त्यांना लॅपटॉपवर तयार फोटो दाखवत होते, आणि त्या एका साडीवर थांबल्या. "ही कोणती?" राणी, मी म्हटलं. "राणी नाही ही. राणी अशी वाळलेल्या गुलाबासारखी असते का?" उठून आतून साडीच घेऊन आल्या, पडद्याशेजारी धरली. खरंच. मूळ फोटोत रंग बरोबर होता, माझ्या प्रतीत मेलेला.

कारण असं : मामेभावाचा फोन डिस्प्ले पी-थ्री या मोठ्या रंगपट्ट्यात फोटो काढतो, आणि फोटोसोबत रंग कसे वाचायचे याची एक प्रोफाइल जोडतो. फोटोतली जास्तीची माहिती काढायला मी 'स्ट्रिप' वापरला होता. स्ट्रिपने ती प्रोफाइलही काढून टाकली. मग ब्राउझर त्याला एसआरजीबी या नेहमीच्या, लहान रंगपट्ट्यातला समजतो आणि भडक रंग फिके दाखवतो. कॅमेऱ्याचे फोटो मुळात एसआरजीबीतच होते, म्हणून ते ठीक दिसले आणि मला शंका आली नाही.

स्ट्रिप का हवा होता तेही सांगते. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतात. आमचा माग, दुकान आणि घर एकाच छपराखाली आहे, आत काही लाखांच्या साड्या. तो पत्ता गावभर वाटायचा नव्हता. आता क्रम असा : आधी रंग एसआरजीबीत बदलून घ्यायचे, मग स्ट्रिप, मग एक्झिफटूलने मालकीहक्काची ओळ आणि दुकानाचं नाव माहितीच्या रकान्यात परत लिहायचं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती उडते, ते ठाऊक आहे. तरी आमच्या ऑनलाइन पानावरच्या प्रतीत ती राहते.

पैठणीच्या धंद्यात रंगाची चूक ही साधी चूक नाही. चिंतामणी रंग सांगून आनंदी रंगाची पाठवली तर साडी परत येते आणि पोस्टेज आपल्या बोडक्यावर बसतं. मामींना बसवून तिन्ही फोल्डरांतले वीस-वीस फोटो तपासून घेतले. यापुढे प्रत्येक फेरीनंतर हे करायचं.

बाकी छोटं : काही उभे फोटो आडवे पडले होते आणि नाव बाजूने वर चढलं होतं. फोन फोटो फिरवत नाही, 'मला फिरवून दाखवा' अशी खूण ठेवतो. 'ऑटो-ओरिएंट' सगळ्यात पहिल्यांदा करा, ठसा नंतर. आणि लहान करणंही ठशाच्या आधी. मी एकदा उलट केलं तर सहा हजार पिक्सेलवरचं नाव सोळाशेला आल्यावर केसासारखं झालं.

रविवार, ६ जुलै

आषाढी. मामांचा उपवास, त्यामुळे सगळ्यांनाच साबुदाणा.

काल फेरी चालू असताना दुपारी लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटं टिकते, ती टिकली आणि गेली. परत चालू केल्यावर स्क्रिप्ट 'आधीच झालेले वगळ' या नियमाने पुढे गेली. आज बघते तर एक फोटो खालून करडा. अर्धा लिहून झालेला असताना वीज गेली होती, पण फाइल 'आहे' म्हणून वगळली गेली. आता प्रत्येक फोटो आधी तात्पुरत्या नावाने लिहिला जातो, पूर्ण झाल्यावरच खरं नाव मिळतं.

आता मुख्य गोष्ट. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी एक काम दाखवलं होतं, ते मी या आठवड्यात वाचलं. एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल तर संगणक ते सगळे फोटो एकत्र ठेवून त्यातला सारखा भाग वेगळा काढू शकतो, आणि मग प्रत्येक फोटोतून तो वजा करतो. म्हणजे जितके जास्त फोटो, तितकं चोराचं काम सोपं. मी नेमकं तेच तीन हजारांवर करत होते. जागा थोडी हलवणं किंवा ठसठशीतपणा कमी-जास्त करणं पुरत नाही, असंही त्यांनीच दाखवलं. ठशाचा आकारच प्रत्येक फोटोत थोडा वेगळा वाकवला तर मात्र काढल्यावर खुणा राहतात.

वाकवायला इमेजमॅजिकचा 'वेव्ह' वापरला, दर फोटोला वेगळ्या आकड्याने. पहिल्या नमुन्यात लाट सहा पिक्सेल उंच ठेवली. रोमन अक्षरांत कदाचित खपून गेलं असतं. आपल्या अक्षरांवर सरळ शिरोरेषा असते, ती डुलायला लागली की लगेच डोळ्यात येतं. मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ही काय पिऊन आली का?" दोन पिक्सेलवर आणली. डोळ्याला कळत नाही, दोन फोटो एकावर एक ठेवले तर अक्षरं जुळत नाहीत.

हे पक्कं कुलूप नाही. एकेका फोटोवर कुणी जीव ओतून बसलं तर काढेलच. मला फक्त घाऊक चोरी महाग करायची आहे.

शनिवार, १२ जुलै

लाट घातल्यापासून एका फोटोला २.२ सेकंद, सगळ्यांना दोन तास. चार फोटो एकाच वेळी चालवले तर ४१ मिनिटांत होतं, लॅपटॉपचा पंखा मात्र गिरणीसारखा वाजतो.

शेवटची अडचण काठाची. हिरव्या अंगाला लाल काठ, आणि त्या दोहोंच्या सीमेवर लाल रंग पसरल्यासारखा. जेपीजी जागा वाचवायला रंगाची माहिती उजेडापेक्षा ढोबळ साठवते. माणसांच्या, डोंगरांच्या फोटोत ते कुणाला कळत नाही. एका धाग्याच्या कडेवर कळतं. दर्जा ८४ ठेवून 'सॅम्पलिंग फॅक्टर' चार-चार-चार केला, म्हणजे रंगही उजेडाइतकाच बारीक साठवला जातो. फाइल सरासरी ३१० केबीवरून ३९० केबी झाली. काठ स्वच्छ. मामा म्हणाले, आता धोटा कुठून वळला ते दिसतं.

मग स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून बघितलं, कारण गिऱ्हाईक शेवटी तिथेच बघतं. २८ टक्क्यांचा ठसा दाबला जाऊन धूसर झाला होता. ३२ वर नेला. पुन्हा पूर्ण फेरी. आत ३,३६९, बाहेर ३,३६९. मामींनी साठ फोटो तपासले, दोन साड्यांची नावं चुकलेली निघाली, पण ती चूक ठशाची नाही, २०२१ची मामेभावाची.

रविवार, २७ जुलै

श्रावण लागला, दुकानात उभं राहायला जागा नाही. नवे फोटो टाकले आठवडाभरापूर्वी.

चोरी थांबली का? नाही. मामेभावाने काल एक पान दाखवलं, त्यावर आमचे अकरा फोटो. आठांवर आमचं नाव तसंच, काढायचे कष्टही घेतले नाहीत. तीनांत खोडलेलं, आणि त्यातल्या एकात जरीचा पट्टा मध्येच विरघळलाय. आमच्या ओळखीच्या वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने ६५-बी कलम आलंय, मालकी सांगणारी अशी माहिती जाणूनबुजून काढणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव खोडलेला फोटो आणि आपल्या डिस्कवरचा मूळ, दोन्ही जपून ठेवा. मूळ म्हणजे सहा हजार पिक्सेलचा, न छाटलेला, जो फक्त आपल्याकडेच असणार. ते ऐकताना मला १४ जून आठवला. मामांनीही माझ्याकडे बघितलं.

पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद काचेत लावून गादीच्या मागे टांगलेला आहे. मामांना तोही ठशात हवा होता. नाही म्हटलं.

खर्च : डिस्क ५,२००. एसटीचे जाणे-येणे धरले नाहीत. वेळ धरायचा तर सात शनिवार-रविवार, त्यातले दोन नुसते माझ्या चुका निस्तरण्यात.

४३ हरवलेल्या फोटोंपैकी एकोणीस साड्या परत सापडल्या. मामींनी वहीत बघून फोन केले. आज दुपारी मागच्या गल्लीतली एक सून स्वतःच साडी घेऊन आली. आसावली, डाळिंबी रंग, हिरवा काठ, दोन वर्षांपूर्वी लग्नात घेतलेली. स्टँडवर लावू म्हटलं तर म्हणाली, घडी मोडलीच आहे तर नेसूनच काढा. निळ्या खिडकीपाशी उभी राहिली, पदर पुढे घेतला. फोटो सुंदर आला. स्क्रिप्टने नेहमीच्या दोन तृतीयांश उंचीवर नाव टाकलं, ते तिच्या मनगटावरच्या बांगड्यांवर पडलं. हा एक हाताने करायचा ठेवलाय, पुढच्या शनिवारी.